गोवा ते फ्रेमंटल: शिडाच्या बोटीचा पहिला टप्पा एवढा वळसा घालून का?

प्रश्नोपनिषद
नकाशावर पट्टी ठेवली तर गोव्याहून पश्चिम ऑस्ट्रेलियातलं फ्रेमंटल पावणेचार हजार सागरी मैलांवर आहे. नौदलाची शिडाची बोट 'तारिणी' २०१७ मध्ये १० सप्टेंबरला सहा जणींना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेसाठी गोव्यातून निघाली आणि २३ ऑक्टोबरला फ्रेमंटलला लागली. म्हणजे ४३ दिवस. २०२४ मध्ये त्याच बोटीवर लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच होत्या. २ ऑक्टोबरला निघून ९ नोव्हेंबरला पोचल्या. ३८ दिवस. दोन्ही वेळा कापलेलं अंतर मात्र ४,८०० ते ४,९०० मैलांच्या घरात.

ऑस्ट्रेलिया आग्नेयेला असताना या बोटी सरळ दक्षिणेला का जातात? हजार मैल जास्तीचे कशासाठी? आणि दुसरा प्रश्न: दोन किंवा सहा माणसांत चाळीस दिवस पहारा, पाणी, वीज, जेवण यांचं गणित कसं बसवतात? जाणकारांनी हात सैल सोडून लिहावं.

नुसताच वाचक
वाचनखूण साठवली. चहा ठेवलाय.

आकडेमोड
पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका कोनात आहे. गोवा १५.४ उत्तर, ७३.८ पूर्व. फ्रेमंटल ३२ दक्षिण, ११५.८ पूर्व. या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेची दिशा येते साधारण १३९ अंश. आता दक्षिण हिंदी महासागरात दहा ते पंचवीस अंश दक्षिणेच्या दरम्यान जे आग्नेय व्यापारी वारे वाहतात ते येतात १२० ते १४० अंशांकडून. थोडक्यात, पट्टीने काढलेली तुमची रेघ आणि वारा एकाच ओळीत, पण समोरासमोर.

झिलग्या
वारो समोरसून येता, तर बोट खंय नेतलस रे?

शिडाळ
झिलग्याने चार शब्दांत आटपलं, तरी जरा फोड करतो.

शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही. शर्यतीच्या बोटीचं सोडा, पण ५५ फुटी, सामानाने लादलेली, समुद्रात लाटा खात चाललेली बोट खऱ्या वाऱ्याच्या ५० ते ५५ अंशांपेक्षा जवळ गेली की नुसती आपटते. त्यात बाजूला घसरणं पाचेक अंशांचं. म्हणून १३५ अंशांचा वारा असेल तर डाव्या गालावर वारा घेऊन तुमची दिशा होते १९० अंश, म्हणजे दक्षिणेच्याही किंचित पश्चिमेला! वारा पूर्वेकडे थोडा सरकला, ११५ झाला, की १७० मिळतात. चालक सरळ दक्षिण निवडत नाही, वारा त्याला तेवढंच देतो.

मग ३० अंशांच्या पुढे गेल्यावर पश्चिमी वारे लागतात आणि तिथे डावीकडे वळून ऑस्ट्रेलियापर्यंत वारा पाठीवर. डचांनी हेच केलं होतं. हेंड्रिक ब्राउवर १६११ मध्ये केप ऑफ गुड होपवरून उत्तरेला न वळता चाळिशीच्या अक्षांशांत पूर्वेला पळाला आणि जावाला जायचा वेळ निम्म्यावर आणला.

खारवा
शिडाळ, अर्ध्या वाटेचं सांगितलंत. दहा दक्षिणेला पोचण्याआधीचं काय? तिथेच टप्पा जिंकतात किंवा घालवतात.

गोव्याच्या रेखावृत्तावरून खाली उतरलात तर एकापुढे एक भिंत आहे: लक्षद्वीप, मग मालदीव थेट विषुववृत्ताच्या पलीकडे अड्डू प्रवाळद्वीपापर्यंत, आणि पुढे सहा-सात अंश दक्षिणेला चागोस बेटं. सगळी माळ ७२-७३ पूर्वेच्या आसपास. तेव्हा पहिल्या आठवड्यातच ठरवावं लागतं की माळेच्या पूर्वेने जायचं की पश्चिमेने. पूर्वेने गेलात तर मिनिकॉयच्या जवळच्या नऊ अंश आणि आठ अंश खाडीतून एडन-कोलंबो-मलाक्का वाहतूक आडवी येते. तिला काटकोनात ओलांडायचं, रेंगाळायचं नाही.

माझं मत पूर्वेच्या बाजूने. व्यापारी वाऱ्यात शिरल्यावर पूर्व दिशा महाग होते. प्रत्येक अंशासाठी लाटा खाव्या लागतात. ती आधीच गाठीला बांधून ठेवावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात विषुववृत्तावर पश्चिमेचे वारे असतात आणि त्यांच्यामुळे पूर्वेकडे धावणारा प्रवाहही, ज्याला विर्टकी जेट म्हणतात. तो जोरात असला तर दोन नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) फुकट ढकलतो. दिवसाचे चाळीस-पन्नास मैल!

मकरवृत्त
खारवाशेठ, तत्त्व मान्य, पण हाव नको. त्या प्रवाहाच्या नादाने ८५-९० पूर्वेपर्यंत गेलात तर विषुववृत्ताच्या दक्षिणेला वारा पडलेला रुंद पट्टा लागू शकतो. दिवसभर शिडं फडफडणार, बूम (शिडाच्या तळाची आडवी काठी) इकडून तिकडे आपटणार, रात्री वादळी पावसाची सर येणार आणि वीस मिनिटांत तीस नॉट देऊन निघून जाणार. शिडांची सगळ्यात जास्त वाट इथेच लागते, मोठ्या वाऱ्यात नाही. ७६ ते ८० च्या दरम्यान पुरे.

शिवाय सप्टेंबरला निघालेल्या बोटीला हे लागू नाही. तेव्हा नैर्ऋत्य मोसमी वारा अजून जिवंत असतो, उजव्या बाजूने बऱ्यापैकी वारा मिळतो, आणि विषुववृत्तीय शांत पट्टा जवळपास नसल्यासारखाच असतो. २०१७ ला तारिणीने २५ सप्टेंबरला विषुववृत्त ओलांडलं, पंधराव्या दिवशी.

प्रश्नोपनिषद
भाबडा प्रश्न: मग सगळे ऑगस्ट-सप्टेंबरलाच का निघत नाहीत? किंवा डिसेंबरच्या गुलाबी थंडीत?

आकडेमोड
कारण तारीख गोव्यात ठरत नाही, केप हॉर्नला ठरते. दक्षिण अमेरिकेचं ते टोक ५६ अंश दक्षिणेला. तिथून जायचं तर दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. तिथून उलटे मोजत या: न्यूझीलंडच्या लिटलटनहून हॉर्न सुमारे पाच आठवडे, लिटलटनला मुक्काम, फ्रेमंटल ते लिटलटन तीन-साडेतीन आठवडे, फ्रेमंटलला दुरुस्तीचे दोन आठवडे, आणि त्याआधी आपला हा सहा आठवड्यांचा टप्पा. फिरून ऑगस्टचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरची सुरुवात याच खिडकीत येता. कमांडर दिलीप दोंदे २००९ मध्ये 'म्हादेई' घेऊन मुंबईहून १९ ऑगस्टला निघाले, हॉर्न जानेवारी २०१० मध्ये. तारिणीचं हॉर्न जानेवारी २०१८ आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५.

डिसेंबरला निघालात तर हॉर्न शरद ऋतूत, आणि शिवाय दक्षिण हिंदी महासागरातला चक्रीवादळांचा हंगाम (नोव्हेंबर ते एप्रिल) तुमच्या वाटेवर.

रापण
अवांतर: म्हादेई आणि तारिणी दोन्ही दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या. सागर परिक्रमेची, म्हणजे शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणेची, कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींची. 'म्हादेई' हे मांडवीचंच नाव. एवढा सगळा आपल्या घरचा मामला असून मराठीत शिडाच्या भागांना शब्द विचारले की लोक इंग्रजी सांगतात. कोकणात डोलकाठी, परबाण, नाळ, सुकाणू, तांडेल, सारंग, मतलई वारा हे सगळं आजही समजतं.

नुसताच वाचक
नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक हे आज कळलं. मी समजत होतो बोटीशी नाळ जोडलेली असते.

रापण
खिक्. जोडलेलीच असते, तुटली तर बुडाल.

डिझेलभाऊ
वारा-बिरा ठीक. पहिल्या टप्प्याचं खरं काम म्हणजे बंदरात न दिसलेले दोष बाहेर काढणं. कुठलीही बोट मांडवीच्या पाण्यात शहाण्यासारखी वागते. पहिला मोठा लाटेचा मारा बसला की तीन गोष्टी ठरलेल्या.

एक, डिझेलच्या टाकीच्या तळाशी बसलेला गाळ आणि पाणी ढवळून वर येतं आणि फिल्टर चोंदतो. दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनोन्महिने ठेवली की आत पाणी धरतं आणि त्या पाण्याच्या थरावर काळा चिकट थर वाढतो. इंजिन बंद पडतं ते नेमकं जहाजाच्या वाटेतून बाजूला व्हायचं असतं तेव्हा. उपाय निघायच्या आधीच: टाकी पूर्ण उपसून आतून पुसायची, नंतर गळ्यापर्यंत भरायची. बरोबर पहिल्या फिल्टरच्या किमान दहा कांड्या आणि दुसऱ्या बारीक फिल्टरच्या सहा. बदलायची रीत: कॉक बंद, जुनी कांडी काढून वाटीतलं पाणी सोडायचं, नवी कांडी बसवून वाटी स्वच्छ डिझेलने भरायची, रबरी रिंग नवी, कॉक उघडून ब्लीड स्क्रू अर्धा फेरा सैल, हातपंप दाबत राहायचं. फेस येणं थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. एअर राहिली तर इंजिन दोन मिनिटं चालून मान टाकतं आणि माणूस स्टार्टर मारून मारून बॅटरी संपवतो. हे काम बंदरात डोळे मिटून चार वेळा करून बघावं, कारण समुद्रात ते डिझेलच्या वासात, तीस अंश कललेल्या खोलीत करायचं असतं.

दोन, डेकवरून गळती. हॅच, डोलकाठीच्या तारांचे डेकमधून येणारे पट्टे, रेलिंगचे खांब. गोड्या पाण्याचा पाइप मारून हे सापडत नाही, कारण बोटीचं अंग पिळलं जातं तेव्हाच फट उघडते. नेहमी इलेक्ट्रॉनिक्सच्या वरच गळतं हा निसर्गनियम.

तीन, सुकाणूच्या तारा. नवीन तार ताणली जाते, चाक सैल होतं, तार कप्पीवरून उतरते. रोज टॉर्च घेऊन आत बघायचं: तारेचे तुटलेले धागे, कप्पीचा खिळा, सुटे नट. तारिणीला २०१८ मध्ये परतीच्या टप्प्यात सुकाणूच्या बिघाडामुळेच मॉरिशसला थांबावं लागलं होतं. आणीबाणीचा दांडा सुकाणूवर बसतो का आणि तो फिरवायला जागा आहे का, हे निघण्याआधी बसवूनच बघायचं.

शिडाळ
डिझेलभाऊंना +१. त्यात डोलकाठीच्या ताणतारा जोडा. नव्या तारा आठवड्याभरात ढिल्या पडतात. पंधरा-अठरा नॉटच्या वाऱ्यात वाऱ्याआडच्या बाजूची मुख्य तार हाताने हलवून बघायची. किंचित सैल चालते, लोंबकळता कामा नये. वारा पडलेल्या दिवशी दोन्ही बाजू सारख्या फेऱ्यांनी आवळायच्या, फेरे मोजून लिहून ठेवायचे, आणि टर्नबकलच्या (तार आवळायच्या स्क्रूच्या) पिना परत घालून त्यांच्यावर टेप. पीन घालायची राहिली तर पंधरा दिवसांच्या थरथरीने टर्नबकल आपोआप उलगडतो.

आणि दोर! मेनसेलचा (मुख्य शिडाचा) हॅलिअर्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, डोलकाठीच्या टोकावरच्या कप्पीवर अहोरात्र एकाच जागी बसलेला असतो. शीड हलतं, तो तिथेच घासतो. रोज सकाळी तो तीन-चार इंच सोडायचा किंवा घ्यायचा, म्हणजे घासायची जागा बदलते. एवढ्या आळसापायी लोक भर समुद्रात २५ मीटर उंच डोलकाठीवर चढलेत.

चकलीताई
मी बोटीवर पाय ठेवणारी नाही, पण स्वयंपाकघराचं गणित जमतं. कुणी तपासून घ्या.

माणशी अडीचशे ग्रॅम धान्य धरलं तर सहा जणींना रोज दीड किलो. ४५ दिवसांचा प्रवास असेल तर साठ दिवसांचं भरायचं: नव्वद किलो तांदूळ-पीठ-पोहे-रवा. गॅस प्रेशर कुकर वापरून दिवसाला पाव किलो, म्हणजे ४५ दिवसांना अकरा-बारा किलो. घरचं १४.२ किलोचं नळकांडं चौघांच्या घरात दीड-दोन महिने जातं, त्यावरून काढलं.

प्रश्न असा की भाजी किती टिकते?

खारवा
ताई, गणित चोख. गॅसमध्ये थोडी भर: एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साठतो. म्हणून नळकांडं डेकवरच्या अशा कप्प्यात, ज्याचं भोक बाहेर समुद्राकडे उघडतं. तळाशी सेन्सर, आणि प्रत्येक वेळी चहा झाला की नळकांड्याचा कॉक बंद. शेगडी झुलती हवी, भांड्यांना अडकवायच्या पट्ट्या हव्यात, आणि समोर उभं राहणाऱ्याने उघड्या पायांनी उभं राहायचं नाही.

भाजीचं असं: पालेभाजी तीन दिवस. टोमॅटो हिरवे घेतले तर दोन आठवडे. कोबी अख्खा, बाहेरची पानं न काढता, तीन आठवडे. कांदे-बटाटे वेगवेगळ्या जाळ्यांत, कारण एकत्र ठेवले की दोन्ही लवकर सडतात. लाल भोपळा न कापता टप्पा संपेपर्यंत. अंडी न धुतलेली, कधीही फ्रिजमध्ये न गेलेली घ्यायची आणि एक दिवसाआड पेटी उलटी करायची. नंतर मोड आलेले मूग. भातात तीन भाग गोडं पाणी आणि एक भाग समुद्राचं घातलं की मीठ वेगळं लागत नाही. अर्थात किनाऱ्यापासून लांब असताना.

बल्लव
आणि मासे? एवढ्या समुद्रात जाऊन मूग खायचे?

खारवा
मागे गळ ओढायचा, सूर्योदय आणि सूर्यास्ताला. पण दोघांच्या बोटीवर दहा किलोचा तुना लागला तर चार दिवस तोच. आणि व्यापारी वाऱ्यात उडते मासे रात्री आपणहून डेकवर येऊन पडतात. सकाळी तव्यावर.

चकलीताई
उलटीचं काय? पहिले तीन दिवस कोण जेवणार?

मकरवृत्त
बरोबर मुद्दा. म्हणून पहिल्या तीन दिवसांचं जेवण बंदरातच शिजवून ठेवतात: पेज-भात, बटाट्याची कोरडी भाजी, लाह्या, आलेपाक. सिनारिझिनसारखी गोळी निघण्याच्या आदल्या रात्रीपासून, डॉक्टरांना विचारून. ओकारी सुरू झाल्यावर गिळलेली गोळी समुद्रालाच अर्पण. तिने झोप येते हेही पहाऱ्याच्या हिशोबात धरावं. खाली वाकून सामान शोधणं हे उलटीचं आमंत्रण, तेव्हा पहिल्या तीन दिवसांत जे जे लागेल ते एका पिशवीत जिन्याजवळ. आणि पाणी: ओकणाऱ्याला क्षारांचं मिश्रण घोट घोट. समुद्र लागलेला माणूस पाणी नको म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याकडून चुका व्हायला लागतात.

प्रश्नोपनिषद
आता पहारा. दोघींनी ३८ दिवस कसं भागवायचं? झोपणारच नाहीत का?

आकडेमोड
पहाऱ्याचं मूळ माप असं. बोट सहा नॉट, समोरून मालवाहू जहाज वीस नॉट. एकमेकांकडे येण्याचा वेग २६. स्वच्छ रात्री त्याचा दिवा आठ मैलांवर दिसला असं धरा, तर धडकेपर्यंत अठरा मिनिटं. म्हणून नियम: दर दहा ते पंधरा मिनिटांनी पूर्ण गोल क्षितिज बघायचं. एआयएस (जहाजाची जागा आपोआप कळवणारी यंत्रणा) आणि रडारचा गजर असला तरी, कारण किनाऱ्याजवळच्या कित्येक मासेमारी होड्यांवर एआयएस नसतो. पहिल्या दोन-तीन रात्री म्हणूनच सगळ्यात धोक्याच्या: माणसं आजारी, बोट नवी, आणि आजूबाजूला होड्या आणि जाळी. पुढे दक्षिणेला दोन-दोन आठवडे एकही जहाज दिसत नाही, आणि मग आळस हा धोका.

सहा जण असतील तर दोघादोघांच्या तीन जोड्या, चार तास पहारा, आठ तास सुट्टी. पण २४ ला ४ ने भागलं की सहा पाळ्या, म्हणजे त्याच जोडीला रोज रात्री बारा ते चार. भांडणं होणार. संध्याकाळची चार ते आठची पाळी दोन-दोन तासांची केली की सात पाळ्या होतात, सातला तीनने भाग जात नाही आणि चक्र रोज एका घराने सरकतं.

दोघांना दिवसा सहा-सहा तास, रात्री तीन-तीन किंवा चार-चार. शिडाची सगळी मोठी कामं पाळी बदलताना, दोघं जागे असतात तेव्हा. रात्रीचा रीफ (शीड थोडं गुंडाळून लहान करणं) अंधार पडण्याआधीच घ्यायचा, वारा अजून आला नसला तरी. अर्धा नॉट गेला तर गेला.

शिडाळ
रीफचे आकडे देतो. वाऱ्याच्या तोंडावर जाताना दिसता वारा (चालत्या बोटीवर जाणवणारा) १८ नॉट झाला की पहिला, २४-२५ ला दुसरा, ३० च्या पुढे तिसरा आणि जेनोआ (पुढचं मोठं शीड) गुंडाळून स्टेसेल (त्यामागचं छोटं शीड). पाठीवर वारा असताना फसगत होते: २५ नॉटच्या वाऱ्यात आठ नॉटने पळताना अंगाला १७ च जाणवतात.

छोट्या बोटीवर सर्वांत मोठा धोका माणूस पाण्यात पडणं. सहा नॉट म्हणजे मिनिटाला १८५ मीटर. दुसरी व्यक्ती झोपलेली असेल तर ती उठून वर येईपर्यंत अर्धा किलोमीटर गेला. लाटांत तेवढ्या अंतरावरून डोकं दिसत नाही. म्हणून जिन्यातून डोकं बाहेर काढण्याआधी हुक अडकवायचा, जिन्यात परत आल्यावरच काढायचा. डेकवरून जाणारा पट्टा कापडी, तारेचा नको. तार पायाखाली गोल फिरते. दोन लांबीचे दोर, दोन मीटर आणि एक मीटर. नाळेवर काम करताना छोटा. लांब दोरावर माणूस रेलिंगवरून बाहेर जाऊन बोटीबरोबर पाण्यातून फरफटतो, त्याचा उपयोग नाही.

वीजमंडळ
पाणी आणि वीज कुणीच घेतलं नाही, म्हणून मी.

पिणं-स्वयंपाक माणशी तीन लिटर. सहा जण, पन्नास दिवस: ९०० लिटर, म्हणजे ९०० किलो वजन. दोघांना ३०० लिटर. एवढं टाकीत भरून नेता येतं, पण किमान दोन स्वतंत्र टाक्या हव्यात. एक नासली किंवा तिला समुद्राचं पाणी लागलं तर दुसरी. क्षार काढायचं यंत्र असेल तर लहानातलं लहान १२ व्होल्टवर चार अँपिअर घेऊन ताशी साडेपाच लिटर देतं. त्याची पडदी दोन गोष्टींनी मरते, तेल आणि क्लोरीन. म्हणून बंदरात चालवायचं नाही, आणि नळाच्या पाण्याने धुवायचं असेल तर कार्बन फिल्टरमधून. काही दिवस बंद ठेवणार असाल तर औषधी पाणी भरून ठेवायचं, नाहीतर आत जंतू वाढतात. अंघोळ समुद्राच्या पाण्याने, शेवटचा तांब्या गोडा. पावसाची सर आली तर पहिली पाच मिनिटं शिडावरचं मीठ वाहून जाऊ द्यायचं, मग बूमखाली बादली.

वीज: ऑटोपायलट, फ्रिज, दिवे, उपकरणं मिळून रोजचे २०० अँपिअर-तास कुठेच गेले नाहीत. शिसं-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. १०० अँपिअरच्या अल्टरनेटरने रोज दोन-सव्वादोन तास इंजिन, तासाला अडीच लिटर, चाळीस दिवसांना दोनशे लिटर डिझेल नुसतं चार्जिंगला. म्हणून ऑटोपायलटऐवजी पाठीमागे वाऱ्यावर चालणारं, आपोआप सुकाणू धरणारं विंड वेन लावतात. वीज शून्य. त्यात खोट एकच: ते वाऱ्याशी कोन धरतं, होकायंत्राशी नाही. वारा फिरला की बोट निमूटपणे वाऱ्यामागे जाते.

नुसताच वाचक
आमच्याकडे हीच पद्धत राजकारणात आहे.

मकरवृत्त
हलकेच घेतो.

आता उरलेला पट्टा. पंचवीस ते बत्तीस दक्षिणेत मोठं उच्चदाबाचं केंद्र असतं, त्याच्या पोटात गेलात तर चार दिवस आरशासारख्या समुद्रात डुलत राहाल. दक्षिण गोलार्धात उच्चदाबाभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरतो. तेव्हा केंद्राच्या पश्चिमेने गेलं की वारा क्रमाने आग्नेय, पूर्व, ईशान्य, उत्तर, वायव्य होत जातो आणि बोट हळूहळू डावीकडे वळवता येते. बॅरोमीटर चढत असताना पूर्वेला वळायचा मोह टाळायचा. तो उतरू लागला आणि वारा उत्तरेला गेला की वळायचं.

पुढे थंड आघाड्या, म्हणजे चाल करून येणाऱ्या थंड हवेच्या कडा. आघाडीपूर्वी वायव्य वारा, ढग, दाब उतरतो. मग एका सरीत वारा नैर्ऋत्येला उडी मारतो. बूम बाहेर असेल तर ती डोक्यावरून पलीकडे आदळते. तिला पुढून बांधणारा दोर बूमच्या टोकाला लावायचा, मधोमध नाही. मधोमध लावला तर टोक लाटेत बुडाल्यावर बूम तिथेच मोडते.

आणि हे सगळं किती दूर चाललंय ते ध्यानात असू द्या. नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांची बोट 'थुरिया' (तीही गोव्यातच बांधलेली) सप्टेंबर २०१८ मध्ये याच महासागरात, पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर डोलकाठी मोडून पडली. 'ओझिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलेपर्यंत तीन दिवस गेले.

चकलीताई
पोचल्यावर उरलेल्या डाळींचं काय करतात?

खारवा
ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षा अधिकारी बोटीवर येतात. ताजी फळं-भाज्या, मांस, अंडी, दूधदुभतं, बिया, कच्ची कडधान्यं यातलं धोक्याचं वाटेल ते काढून घेतात. शेवटच्या आठवड्यात फडशा पाडायचा. आगमनाची सूचना किमान ९६ तास आधी, तळाला चिकटलेल्या जिवांची माहितीसुद्धा विचारतात. महिन्याभरात शिंपल्यांचे झुबके लागतातच, रंग नवा असला तरी.

आकडेमोड
मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण हजार जास्तीचे मैल हा शब्दप्रयोग बोचत होता. कागदावर दोन्ही वाटा मांडल्या.

वाट पहिली, पट्टीवरची. आठ ते अठ्ठावीस दक्षिण या पट्ट्यात सरळ रेषेवर १,५९० मैल आणि सगळे वाऱ्याच्या तोंडावर. ५५ अंशांनी नागमोडी गेलं तर प्रत्यक्ष २,७७० मैल कापावे लागतात. एकूण प्रवास सुमारे ४,९५०.

वाट दुसरी. गोव्याहून आठ दक्षिणेपर्यंत १,४००, मग १९० अंशांवर अठ्ठावीसपर्यंत १,२२०, मग बत्तीसपर्यंत सुमारे तीनशे, आणि तिथून पूर्वेला २,१४०. एकूण ५,०६०.

म्हणजे वळसा असा नाहीच! दोन्ही पाच हजारांच्या आसपास. फरक एवढा की पहिल्या वाटेत पाच नॉटने तेवीस दिवस लाटा खायच्या, दुसरीत दहा. उरलेलं अंतर वारा बाजूने किंवा मागून. खारवाशेठ म्हणतात तसं सुरुवातीला थोडं पूर्व जमवलं की ५,०६० चे ४,८००-४,९०० होतात, आणि तेच आकडे पहिल्या पोस्टमध्ये आहेत.

खारवा
मग माझं बरोबर होतं.

मकरवृत्त
थोडं म्हटलंय हो.

शिडाळ
या वाटेची एक गंमत कुणी लिहिली नाही. आठ दक्षिणेनंतर जवळजवळ फ्रेमंटलपर्यंत वारा डावीकडूनच येतो. तीन-चार आठवडे बोट उजवीकडे कललेली. त्यामुळे झोपायला उजवीकडच्या फळ्या, नाहीतर वाऱ्याकडच्या फळीला कापडाची झोळी बांधायची. उजव्या बेसिनचं बाहेर जाणारं भोक पाण्याखाली जातं आणि समुद्र बेसिनमधून वर येतो. तो कॉक बंद. डावीकडे थंड पाणी ओढायचं भोक असेल तर ते लाटेत उघडं पडून इंजिन तापतं, म्हणून चार्जिंगच्या वेळी शिडं सैल सोडून बोट सरळ करायची. पाणी आधी उजव्या टाकीतलं संपवायचं, डावीकडचं वजन बोट सरळ ठेवायला राहू द्यायचं.

प्रश्नोपनिषद
सगळ्यांचे आभार, फारच भारी. शेवटची शंका: गोव्याहून निघताना शंभर नारळ घेतले तर ते कुठल्या बाजूला ठेवायचे?

शिडाळ
डावीकडे. वजन वाऱ्याच्या बाजूला.

डिझेलभाऊ
आणि त्या बाजूच्या फडताळाचं दार उघडताना समोर उभं राहू नका. शंभरच्या शंभर तुमच्याकडे येतील.